सुगंधाकाकीचं शून्य कार्य

सुगंधाकाकी विज्ञानात नापास झाली त्या दिवशी ती रडली नाही, भांडली. भांडण खरं तर विज्ञानाशी होतं, पण विज्ञान काही पडवीत येऊन बसणार नव्हतं. समीक्षा बसली होती.

"माका सांग गो, भिंत हलली नाय ही चूक कोणाची? भिंतीची मां? मगे मार्क माजे कित्याक कापले?"

समीक्षा जवळच्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. गाव दोडामार्गाकडचं, घरची काजूची बाग, समुद्राशी ओळख नोकरी लागल्यावरची. काकीच्या मागच्या खोलीत ती भाड्याने राहते, आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या आमटीपर्यंत काकीच्या तावडीत असते.

"काकी, आधी सांगा, प्रश्न काय होता?"

"एक माणूस भिंतीक जोर लावन ढकलता. भिंत हलणा नाय. कार्य किती?"

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

काकी उठून उभी राहिली. उत्तर बसून सांगण्यासारखं नव्हतं. तिने पदर खोचला आणि परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "माणसाने भरपूर कार्य केले आहे. तो घामाघूम झाला आहे. त्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे."

समीक्षाला हसू आवरेना. हसता हसता उचकी लागली. मग तिचं लक्ष काकीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि उचकीसुद्धा थांबली. कारण हा नुसता एका विषयाचा निकाल नव्हता, हे समीक्षाला माहीत होतं आणि आम्हा अख्ख्या वाडीला माहीत होतं.

काकी वाडीच्या अंगणवाडीत मदतनीस. खिचडी शिजवायची, भांडी घासायची, जी मुलं येत नाहीत त्यांना घरून काखोटीला मारून आणायचं. सेविका प्रेमलताबाई. त्या आता निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा काकीला मिळू शकत होती, पण दहावीचा दाखला हवा होता. काकीची शाळा नववीत सुटलेली. तिचं माहेर खाडीपलीकडचं. शाळा अलीकडे होती, आणि तरीवाला म्हातारा होऊन त्याने होडी बंद केली तेव्हा काकीची शाळाही बंद झाली. एवढ्या वर्षांनी तिने बाहेरून परीक्षा दिली. मराठी, हिंदी, इंग्रजी, सामाजिक शास्त्रं, गणित, सगळं सुटलं. विज्ञान तेवढं थोडक्यात अडकलं. आता एकच संधी उरली होती. पुढच्या परीक्षेतही अडकलं असतं तर जागा बाहेरून कोणी भरली असती, आणि काकी त्या नव्या बाईच्या हाताखाली तीच भांडी घासत राहिली असती.

भांड्यांचं तिला काही नव्हतं. पण मुलांना गोष्ट सांगायची ती काकीने. तिच्या गोष्टीत बांगडा बोलायचा, सुंगट म्हणजे कोळंबी रुसायची, वाघाला सर्दी व्हायची. प्रेमलताबाईसुद्धा हातातलं काम सोडून ऐकत बसायच्या आणि म्हणायच्या, "सुगंधा, ह्या खुर्चीर तूच बसाक होया."

तर प्रश्न होता वाट्याचा. तो काकीच्या डोक्यात कुठून आला, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, रापण लागते. होडी एक दोर किनाऱ्यावर ठेवून जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठा वळसा घालते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून माणसं दोर ओढतात, मागे मागे चालत, तासन्‌तास. आणि नियम असा, की ज्याचा दोरीला हात लागला त्याला मासळीतला वाटा. तुम्ही पैलवान असा, नाहीतर नर्मदामावशीसारख्या असा. मावशी दोराच्या अगदी शेपटाला येते, दोन बोटं टेकवते आणि गाऱ्हाणी सांगते. तिलाही वाटा. किती ओढलंस, असं तिला आजवर कोणी विचारलेलं नाही.

"म्हणान मी लिवलंय," काकी म्हणाली. "तेणा हात लावलो. वाटो तेचो."

"काकी, भिंतीत मासे नसतात."

"तुज्या पुस्तकात माणुसकी नसता!"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जागा, स्वयंपाकघर. वेळ, यतीनकाका मासे घेऊन येईपर्यंत. यतीनकाका म्हणजे काकीचे यजमान. बोलायला लागले तरी तिसऱ्या वाक्याच्या आत थकणारा माणूस. घरात इतकं बल आणि इतकी गती सुरू झाल्यावर ते नुसतेच चुलीकडून पडवीत आणि पडवीतून चुलीकडे जायला लागले.

काकीला पाठ होत नसे. अंगात आणावं लागे. जडत्व शिकवलं तेव्हा तिने दोन पाट एकामागे एक मांडले, त्यावर समीक्षाला बसवलं, स्वतः एसटीची ड्रायव्हर झाली आणि करकचून ब्रेक मारला. समीक्षा ढिम्म.

"पड गो फुडे!"

"काकी, पाट हललाच नाही, तर मी कशी पुढे पडू?"

काकी क्षणभर तशीच राहिली, अदृश्य स्टिअरिंग धरून. "खरांच की. म्हणजे माका धावता पाट होयो." आणि यतीनकाकांना हाक गेली. त्यांनी निमूटपणे पाटाला सुंभ बांधून तो शेणाने सारवलेल्या खळ्यातून ओढला, थांबवला, आणि मास्तरीणबाई पुढे अळवात गेल्या. जडत्वाचा धडा तिथे संपला.

तिसरा नियम तिला सगळ्यात आवडला. जो दुसऱ्याला ढकलतो, त्यालाही तेवढंच उलट ढकललं जातं. "म्हणजे मी पायान पुळण मागे सारतंय, आणि पुळण माका फुडे सारता?"

"बरोबर!"

"अशी बरी. सासरची माणसां असली तर अशी होयी. जेवढां दिलां तेवढां परत."

सगळं जमत होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे ती झोपेतही म्हणायची. पण विस्थापन शून्य म्हणून कार्य शून्य, असं म्हणायची वेळ आली की तिचे ओठ मिटायचे.

"म्हणा काकी. शून्य."

"माज्या तोंडातसून येणा नाय."

"परीक्षेत लिहायचंय फक्त."

"पटलां नाय ता लिवचां कसा? खोटां लिवन पास होव? आणि मगे पोरांका काय शिकव, खोटां बोला?"

समीक्षाने डोक्याला हात लावला. तिच्या वर्गातली मुलं न पटता कितीतरी लिहितात आणि पास होतात. ही बाई पटवून घ्यायला बसली होती. काकीच्या शेजारीच माझं घर; समीक्षा एकदा मला म्हणाली, "मी हिला चांगलं शिकवू शकत नाहीये, की ही मला चांगलं शिकवायला लावतेय, तेच कळत नाही."

मग तो रविवार आला.

सकाळी रापण लागली. समीक्षा रविवारी उशिरापर्यंत झोपते, पण काकीने तिला उठवून आणलं. "चल. तुजां विस्थापन दाखव माका." समीक्षा कमरेला ओढणी बांधून दोरीला लागली. काकी तिच्या पुढे, दत्ताराम काकीच्या पुढे, मी मागे, आणि शेपटाला नर्मदामावशी, दोन बोटांनी. रापणीचे म्होरके भाई मध्ये उभे राहून दोन्हीकडे हात करत होते. यतीनकाका होडीत, जाळ्याच्या पाठीमागे.

अर्धंअधिक जाळं आलं असेल आणि दोर थांबला. जोर लावला. थांबलेलाच. आणखी जोर लावला. दोर असा ताणला की त्यातून पाणी ठिबकायला लागलं.

"खडपार अडाकला!" भाई ओरडले. पाण्याखालच्या खडकात जाळं अडकलं होतं. "ओढू नकात! फाटतलां! नुसती धरून रवा. ढिली सोडू नकात, पाणी जाळां व्हावन न्हेतलां!"

सगळे धरून राहिलो. हे ओढण्यापेक्षा वाईट. ओढताना निदान पाय हलतात. इथे टाचा वाळूत रुतवून नुसतं मागे झुकून राहायचं. समीक्षाचे दंड थरथरायला लागले, नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकायला लागला. नेमकी तेव्हाच काकीने मान वळवली.

"काय गो मास्तरणी? आता कार्य किती?"

समीक्षाने डोळे मिटले. पण बाई खरी शिक्षिका. "शून्य."

"वायच मोठ्यान. भाईंका आयकाक येऊंदे."

"शून्य!"

"काय शून्य?" भाईंनी विचारलं.

"आपण सगळे करतंव ता," काकी म्हणाली. "हिच्या पुस्तकात."

पुळणीवर एकच गिल्ला झाला. "शून्य?" "सकाळपासून हाता सोलपाटली!" "मॅडम, तुमी खंयच्या शाळेत शिकलास?" नर्मदामावशीने दोन बोटं तशीच ठेवून विचारलं, "आणि माजां किती म्हणता ती?"

दत्ताराम म्हणजे वाडीतला हौशी विनोदी. असली संधी तो सोडणार नव्हता. "शून्य आसा तर धरलास कित्याक?" असं म्हणून त्याने दोन्ही हात वर केले.

पुढचं फार झटकन झालं. दत्तारामच्या हातातला जोर गेला तसा दोर समुद्राकडे सरकला. आम्ही सगळे उभेच्या उभे पाण्याकडे घसरत निघालो. टाचांनी वाळूत नांगरट झाली, समीक्षाच्या तोंडून "आई गे" निघालं. काकी मागे झुकून झुकून जवळजवळ आडवी झाली. भाईंनी जी शिवी घातली ती मी इथे लिहीत नाही, पण ती ऐकून दत्ताराम परत दोरीला असा चिकटला की दोर जागच्या जागी थांबला.

सगळे धापा टाकत होतो. आणि काकी, तशीच तिरकी, आभाळाकडे बघत म्हणाली,

"बल आसा."

"काय?" समीक्षाने विचारलं.

"गो, बल आसा! कार्य नाय, पण बल आसा! दत्तारामान सोडला तसा जाळां सराकला. म्हणजे आमी धरलेला ता फुकट नव्हता. आमचा बल समुद्राच्या बलाइतक्या होतां म्हणान जाळां जाग्यार. जाग्यार म्हणान विस्थापन शून्य. म्हणान कार्य..." इथे ती अडखळली. सगळी पुळण तिच्याकडे बघत होती. "...शून्य," काकी म्हणाली. पहिल्यांदा.

समीक्षाने आनंदाने टाळी वाजवायला हात सोडले.

"धर गो बाये!" सगळे एका आवाजात.

"पण काकी, मग घाम कसला?" समीक्षाने दोरी आवळत विचारलं. आता तिला राहवत नव्हतं. वर्गच भरला होता तिचा.

"घाम माज्या अंगातलो. पेज खाल्लंय ती ऊर्जा. ती जाळ्याक नाय गेली. ती हयसरच रवली, मांसात, गरम होवन." काकीने आपल्या दंडाकडे हनुवटीने दाखवलं. "उष्णता झाली तिची. हातान बघ, तापलो आसा."

"कोण बघतलो हातान, हात खंय मोकळो आसा!" दत्ताराम कण्हला.

तेवढ्यात पाण्यातून यतीनकाकांची हाक आली. त्यांनी होडी मागून घेऊन जाळं खडकावरून उचललं होतं. "सुटलां!" एवढा एकच शब्द. पण तो आमच्यापर्यंत पोचायच्या आत जाळं सुटलं, आणि इतका वेळ मागे झुकलेले आम्ही सगळे पत्त्यांसारखे एकमेकांवर पाठीवर पडलो. समीक्षा माझ्या अंगावर, काकी समीक्षाच्या अंगावर, दत्ताराम सगळ्यांच्या पायात. शेपटाची नर्मदामावशी तेवढी उभी.

त्या ढिगातून काकीचा आवाज आला, खणखणीत, शुद्ध मराठीत: "असंतुलित बल!"

त्या दिवशी बांगडा बरा मिळाला. वाटे घालताना भाईंनी एक वाटा समीक्षापुढे ठेवला. ती ओशाळली. "भाई, मला कशाला? मी तर शेवटी हातसुद्धा सोडले."

"आणि तुमचाच गणित बघूक गेला तर आमका कोणाकच नाय होयो," भाई म्हणाले. ते अजून थोडे दुखावलेले होते.

काकीने मध्येच तोंड घातलं. "तसां नाय भाई. हिचां पुस्तक माणसाक विचारणाच नाय. ता जाळ्याक विचारता, तू किती सराकलंस. आपण माणसाक विचारतंव, तू इलंस काय. दोनय खरी. माका एवढे दिस वाटत होतां, एकच प्रश्न आसा."

भाईंनी थोडा विचार केला. मग समीक्षाच्या वाट्यात आणखी एक बांगडा टाकला. "हो बांगडो जाळ्याकडसून," म्हणाले.

परीक्षा आली. लेखी पेपर बरा गेला असं काकी म्हणाली, पण गेल्या वेळीही ती तेच म्हणाली होती. राहिली प्रात्यक्षिकाबरोबरची तोंडी परीक्षा. समीक्षा आणि मी तिला सोडायला गेलो. काकी नवी साडी नेसली होती, आणि कधी न बोलणारे यतीनकाका निघताना म्हणाले होते, "घाई करू नको." नेहमीपेक्षा दोन शब्द जास्त, म्हणून काकीला जास्तच धडधडत होतं.

आतलं आम्हाला दारातून दिसत होतं. परीक्षक तरुण होते, नाव विनीत सर. काकीने ताणकाट्याला दगड अडकवून वजन घेतलं, तोच पाण्यात बुडवून परत घेतलं, नीट लिहिलं. तिथवर ठीक. मग सरांनी तिच्या अर्जावरच्या पत्त्यावर नजर टाकली.

"मासे विकता का तुम्ही?"

"अंगणवाडीत असते. सुट्टीच्या दिवशी विकते."

"मग असं समजा, डोक्यावर पाटी घेऊन तुम्ही सपाट रस्त्याने बाजारापर्यंत चाललात. गुरुत्वबलाच्या विरुद्ध तुम्ही पाटीवर किती कार्य केलंत?"

समीक्षाने माझा हात इतका दाबला की कळ आली. भिंत झाली, जाळं झालं. पण हे काकीचं स्वतःचं डोकं होतं, स्वतःची मान, ओल्या पाटीतून कानामागे ओघळणारं पाणी. इथे विस्थापन होतं. चांगलं बाजारापर्यंत होतं. सरांनी तिला अडकवायला नव्हे, सोपं जावं म्हणून तिच्या कामातलंच उदाहरण दिलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

काकीने विचारलं, "सर, उभं राहून सांगू?"

"सांगा की."

ती उठली. डोक्यावर पाटी नव्हती, पण आम्हाला दिसली. मान ताठ झाली, एक हात वर गेला, कंबर सावरली गेली. ती टेबलापासून खिडकीपर्यंत चालली. थांबली. वर बघितलं. मग पायाकडे बघितलं.

"मी पाटीला वर धरते," ती सावकाश म्हणाली. "बल वर. आणि पाटी जाते पुढे. बल उभं, विस्थापन आडवं. काटकोन झाला." परत थांबली. "शून्य, सर."

"नक्की?"

"नक्की. मान दुखते ती माझ्या अंगातली गोष्ट. पाटीला विचाराल तर ती जेवढी उंच होती तेवढीच उंच आहे."

सर पुढे सरकून बसले. "आणि चढ लागला तर?"

"मग शून्य नाही. मग पाटी वर चढली. तिची स्थितिज ऊर्जा वाढली, ती मी दिली."

"आणि उतार?"

हे पुस्तकात एका ओळीत होतं आणि समीक्षाने ते घाईत सांगितलं होतं. काकी खिडकीजवळून परत निघाली. या वेळी उतार उतरत, गुडघे थोडे वाकवून, पाऊल जपून टाकत. अर्ध्या वाटेत तिला सापडलं. "मी वर धरते, पाटी खाली जाते. उलट. म्हणजे उणे!" आणि शुद्ध मराठी सुटलीच. "म्हणान उतरताना गुडघे धरतत मेले!"

विनीत सर मोठ्याने हसले. त्यांच्या हसण्याने पलीकडच्या टेबलावरचा उमेदवार दचकला. "बसा, बसा," ते म्हणाले. "मी बारावीपर्यंत हे पाठ केलं होतं. कळलं नंतर. तुम्हाला आधीच कळलंय." आणि त्यांनी पुढचा उमेदवार बोलावला. काकी बाहेर आली तेव्हा डोक्यावरची ती नसलेली पाटी तिने अजून हाताने धरली होती.

निकाल पुढे एका दुपारी लागला. आमच्याकडे नेट म्हणजे लहरी पाहुणा. समीक्षा मोबाईल हातात उंच धरून शाळेच्या मैदानात फिरली, आकडे दिसले, आणि सायकल घेऊन तशीच अंगणवाडीत आली. काकी मुलांना खिचडी वाढत होती.

"काकी! विज्ञान सुटलं! सगळंच सुटलं! पास!"

काकीच्या हातातला डाव हवेत थांबला. समोर एक ताटली पुढे केलेली होती. तिने आधी तिच्यात वाढलं. मग पुढच्या ताटलीत. मग त्याच्या पुढच्या. शेवटच्या मुलापर्यंत पोचेस्तोवर तिने मान वर केली नाही, आणि वर केली तेव्हा डोळे भरलेले होते. मुलांना वाटलं, खिचडी तिखट झाली.

जेवणं झाली. काकीने सवयीने टोप उचलला आणि नळाकडे निघाली. प्रेमलताबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी टोपाचा दुसरा कान धरला.

"दी हयसर."

"बाई, तुमी काय घासतास? माजां काम ता."

"माजे थोडेच दिस रवले. माका एकदा बघूंदे, कसा वाटता ता."

दोघीही टोप सोडेनात, टोप जागचा हलेना. दारात उभी असलेली समीक्षा बोलायला तोंड उघडत होती. काकीने तिच्याकडे बघून डोळे वटारले, "एक शब्द बोलू नको," आणि टोप सोडला.

प्रेमलताबाई पदर खोचून नळाखाली बसल्या. आतून त्यांचा आवाज आला, "सुगंधा, पोरां पसाराक लागली. गोष्ट सांग मां."

काकीने हात पुसले. खुर्चीकडे बघितलं, पण खुर्चीवर नाही, मुलांच्यात चटईवर बसली.

"आज खंयचो प्राणी होयो?"

"हत्ती!" एक पोरगं ओरडलं.

"बरां. तर एक होतो हत्ती. आणि तेका चढूचो होतो डोंगर..."